जर्मन शेफर्डच्या दहा आठवड्यांच्या पिल्लाला कोणतं खाणं द्यावं? साधं पपी फूड चालेल की लार्ज ब्रीडचंच हवं? आणि कॅल्शियम सुरू करावं का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच तातडीचं आहे. कॅल्शियमचं सिरप किंवा पावडर सुरू करू नका. आधीच सुरू केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा आणि पिल्लू नेमकं काय काय खातंय ते सगळं सांगा.

मी आजवर मोठ्या जातीची तीन कुत्री लहानाची मोठी केली. पहिला ग्रेट डेन. एवढं मोठं हाडपेर, त्याला कॅल्शियम जास्तच लागणार, असं आम्हाला वाटायचं. म्हणून चांगल्या पपी फूडवर रोज कॅल्शियमची पावडर घालायचो आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा भरायचो. पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटापाशी सुजले आणि सकाळी उठायला तो कुरकुरायला लागला. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल. पावडर बंद झाली, खाणं मोजून द्यायला लागलो, आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा धावायला लागला. पुढचे पंजे मात्र शेवटपर्यंत थोडे बाहेरच्या बाजूला वळलेलेच राहिले. सगळा दोष त्या पावडरीचाच होता असं डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण तो डबा मी पुन्हा घरात आणला नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं, तर त्याचं शरीर गरजेपुरतंच शोषून घेतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा लगाम घालता येत नाही. जितकं पोटात जाईल त्यातला मोठा हिस्सा रक्तात उतरतो, आणि कोवळ्या कूर्चेचं हाड होण्याची क्रिया बिघडते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचा अभ्यास झाला होता, 1985 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियम साधारण तिप्पट होतं, त्यांच्या हाडांच्या वाढीत दोष दिसले. लहान जातीच्या पिल्लाला असं जास्तीचं कॅल्शियम बरंचसं निभावून नेता येतं. डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, तुमचा शेफर्ड यांची हाडं थोड्या महिन्यांत प्रचंड वाढतात, त्यामुळे तिथे चूक लगेच दिसते.

याचा अर्थ कॅल्शियम कमी झालेलं चालतं असा मात्र नाही. नुसतं उकडलेलं मांस खाऊन वाढणाऱ्या पिल्लाचं उलट होतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, त्यामुळे शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि हाडं ठिसूळ होतात. घरचंच खाणं द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून तुमच्या पिल्लासाठी वजनामापासह पाककृती लिहून घ्या. अंदाजाने केलेलं घरचं जेवण मोठ्या कुत्र्याला एखाद वेळी चालून जाईल, पहिल्या वर्षात नको.

आता पाकिटाकडे वळू. होय, लार्ज ब्रीड पपी फूडच घ्या. समोरच्या बाजूचं चित्र सोडून द्या, मागचा बारीक मजकूर वाचा. आहाराचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफको या संस्थेचा उल्लेख असेल, तर त्या वाक्याचा शेवट नीट पाहा. प्रौढपणी 70 पौंड, म्हणजे साधारण 32 किलो किंवा त्याहून जास्त होणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही हे खाणं योग्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. काही पाकिटांवर याच्या नेमकं उलट लिहिलेलं असतं: सगळ्या वयांसाठी, पण मोठ्या कुत्र्यांची वाढ सोडून. तो एक शब्द नजरेतून निसटला तर चुकीचं पाकीट घरी येतं. तुमची मादी असेल आणि ती 32 किलोंपर्यंत पोचणार नसेल, तरी मी हेच खाणं घेईन.

आफकोच्या निकषांत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियम कोरड्या वजनाच्या किमान 1.2 टक्के आणि कमाल 1.8 टक्के आहे. इतर पिल्लांसाठी हीच मर्यादा 2.5 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून ‘पपी फूड आहे ना, मग झालं’ एवढं पुरत नाही. कोरडं वजन म्हणजे ओलावा वगळून. पाकिटावर कॅल्शियम 1.2 टक्के आणि ओलावा 10 टक्के असेल, तर 1.2 ला 90 ने भागून 100 ने गुणा, 1.33 येईल. बऱ्याच पाकिटांवर कॅल्शियमचा फक्त किमान आकडा असतो, त्यावरून काहीच कळत नाही. प्रत्यक्षातला आकडा कंपनीला विचारा. जी कंपनी तो देत नाही तिचं खाणं मी घेत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण 1:1 ते 2:1 च्या आत असावं.

जास्त प्रथिनांनी हाडं बिघडतात, हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. डेनच्याच पिल्लांना कमी-जास्त प्रथिनांचं खाणं देऊन ते तपासलं गेलंय आणि हाडांच्या दोषांशी त्याचा संबंध दिसला नाही. घात होतो तो जास्तीच्या कॅल्शियममुळे आणि जास्तीच्या उष्मांकांमुळे.

म्हणून कोणतं खाणं यापेक्षा किती, हा प्रश्न मला मोठा वाटतो. लॅब्राडॉरच्या 48 पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आठ आठवड्यांच्या वयापासून थेट आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांच्या खुब्याच्या सांध्यात दोष कमी निघाले, संधिवात उशिरा आला, आणि त्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं. दुसऱ्या गटाचं 11.2. खुब्याचा त्रास शेफर्डमध्ये नेहमीचा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं. सावकाश वाढलेलं पिल्लू खुजं राहत नाही. त्याच्या रक्तात असलेली उंची ते गाठतंच, थोडं उशिरा एवढंच.

पाकिटावरचा तक्ता सुरुवातीपुरता धरा. रोजचं खाणं वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा, वाटीचा अंदाज चुकतो. दर आठवड्याला पिल्लाचं वजन करा आणि त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या बोटांना लागायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. गुबगुबीत पिल्लाचं सगळे कौतुक करतील, तरी तुम्ही खाणं थोडं कमी करा. बक्षीस म्हणून दिलेला खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

सध्या दिवसातून तीन-चार वेळा द्या, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. दिवसाचं सगळं एकाच वेळी कधीच नको, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका त्याने वाढतो. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला. मोठ्यांच्या खाण्यावर जायची घाई करू नका, शेफर्डची वाढ साधारण 12 ते 18 महिने चालते. मधेच लंगडणं, मनगटाशी सूज किंवा जिना चढायला नकार दिसला, तर खाणं बदलून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.