शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष गावातील गटनेत्यांनी ठरवणे योग्य आहे का?

नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार जिल्हा परिषद शाळेच्या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात; अध्यक्षही पालक सदस्यांतूनच निवडला जातो. त्यामुळे दोन गटांनी नावे आपसांत वाटून घेऊन ती पालकसभेपुढे केवळ मंजुरीसाठी ठेवणे, हे मला पालकांचा हक्क हिरावून घेणेच वाटते. धुळे-नंदुरबारकडे तर दिवाळीच्या सुमारास अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि शाळा सर्वांत आधी सुटते ती त्यांच्याच मुलांची. म्हणून ती गावात असतानाच सभा घ्यावी आणि अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्यांना आपल्या बोलीत मत मांडू द्यावे. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही कामे याच समितीची आहेत.