सामुदायिक रेडिओवर नव्याने येणाऱ्यासाठी

निवेदक व्हायला आलास, छान. पण केंद्रावर मानधनाचं काम बहुतेक वेळा संपादन येणाऱ्याला आधी मिळतं, म्हणून पहिला महिना ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर शिकण्यात घाल.

ध्वनिमुद्रणाआधी पंखा बंद कर, मोबाइल विमान मोडवर टाक. माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका धर. अगदी समोर धरलास तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. आवाजाची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. शून्य ही कमाल मर्यादा; तिला टेकून चिरलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. मुलाखत संपली की त्याच जागेची अर्धा मिनिट शांतता मुद्रित कर. काप सांधायला तीच लागते, नाहीतर प्रत्येक जोडाला मागचा बारीक आवाज तुटतो. नवखे हेच हमखास विसरतात.

सामुदायिक केंद्राचं १०० वॉटचं प्रक्षेपण साधारण १० किलोमीटर पोचतं. म्हणजे ऐकणारे आसपासच्या गावांतलेच. कांद्याच्या रोपावर कार्यक्रम असेल तर रोप लावणाऱ्यालाच त्याच्या बोलीत बोलू दे आणि त्याचं, गावाचं नाव विचारून घेऊन नीट उच्चार. त्याच्या घरचे, भावकीतले ऐकतात, तिथूनच श्रोते वाढतात. बातम्या मात्र स्वतः बनवू नकोस. आकाशवाणीच्याच लावायच्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत अचूक भाषांतर करून.