धूर कधी येतो, ते महत्त्वाचं

प्रश्न : माझ्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनला मागाहून टर्बो बसवला. तेव्हाच फोर्ज्ड पिस्टन आणि मोठे इंजेक्टरही घातले. आता हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल लागतं. बाहेर गळती नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवणारा डबा) कोरडा असतो. लांब उतार संपवून ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतात, रिंगा गेल्या, इंजिन उतरवू. काय करू?

उत्तर : इंजिनला इतक्यात हात लावू देऊ नका. हजार किलोमीटरला दीड लिटर हे जास्तच आहे, पण तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट म्हणजे तो उतार. उतारावर थ्रॉटल बंद असतो आणि सिलिंडरना हवा पोहोचवणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. वाट मिळेल तिथून तो ऑइल ओढतो. ही वाट वाल्व्ह सीलची असेल, पीसीव्ही वाल्व्हची (क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली, वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा वाल्व्ह) असेल किंवा ऑइल रिंगची. रिंगांसाठी इंजिन उघडावं लागतं, बाकीच्या दोन्हींसाठी नाही. मग सुरुवात रिंगांपासून कशाला?

मला पहिला संशय पीसीव्हीचा. कॅच कॅन कोरडा आहे हे चांगलं लक्षण समजू नका. टर्बो बसवताना बहुतेकदा कॅन वाल्व्ह कव्हर आणि टर्बोच्या इनलेटमधल्या नळीवर लावतात आणि पीसीव्हीची मूळ नळी थेट मॅनिफोल्डला तशीच राहते. व्हॅक्यूममध्ये ऑइलची वाफ त्या नळीने जाते, कॅनला बगल देऊन. शिवाय मूळ पीसीव्ही टर्बोसाठी बनवलेला नसतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, तो घट्ट बंद झाला नाही तर दाब क्रँककेसमध्ये शिरतो. टर्बोचं ऑइल परत येतं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, मागे दाब असला की ते तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. म्हणजे खराब टर्बो वाटतो, दोष मात्र नळीचा.

पडताळणी सोपी आहे. पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डवरून काढा आणि तिथलं तोंड बूच लावून बंद करा. उघडं राहिलं तर न मोजलेली हवा शिरून आयडलिंग बिघडेल. क्रँककेसची वाफ कॅनमधून बाहेर पडू द्या, दोन्ही वाटा कधीच बंद करू नका. मग त्याच उतारावर गाडी चालवा. धूर थांबला तर चेक वाल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि दोन्ही नळ्यांवर कॅन, एवढ्यात काम होईल. बूच लावलेली मांडणी फक्त तपासणीपुरती आहे, कायमची ठेवू नका.

थ्रॉटल बॉडीला येणारी हवेची नळीही काढा आणि आत बोट फिरवा. पातळ थर नेहमीचा, पण खाली डबकं साचलं असेल तर ऑइल टर्बोच्या बाजूने येतंय.

तरीही धूर राहिला तर प्लग काढा. एखाद-दुसऱ्याच प्लगवर एका बाजूला काळा, खरबरीत थर आणि आट्यांवर ऑइल दिसलं तर त्या सिलिंडरच्या वाल्व्ह सीलवर किंवा गाईडवर (वाल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) संशय घ्या. सील हेड न काढताही बदलता येतात : पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरली की वाल्व्ह खाली पडत नाहीत.

रिंगांचा प्रश्न राहतोच. कॉम्प्रेशन चांगलं म्हणून त्या निर्दोष ठरत नाहीत, कारण ते वरच्या दोन रिंगा धरतात. त्यांच्याखालच्या ऑइल रिंगचं स्प्रिंगसारखं पातळ एक्स्पांडर बसवताना त्याची टोकं एकमेकांवर चढली तर कॉम्प्रेशन उत्तम आणि ऑइल फस्त, असं होतं. ज्यांनी पिस्टन बसवले त्यांना हे नक्की विचारा.

डिपस्टिकचाही वास घ्या. मोठे इंजेक्टर जास्त पेट्रोल ओतत असतील तर ते ऑइलमध्ये मिसळतं, पातळी ठीक दिसते आणि लांबच्या प्रवासात पेट्रोल उडून गेलं की एकदम खाली येते. त्यात बोअरही घासतो. त्यामुळे पातळी नेहमी सपाट जागेवर, थंड इंजिनावर मोजा आणि ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) ट्यूनिंग नव्याने तपासून घ्या.