सेबॅस्टियन सापडला, अँटोनिओचं काय?

(नाटकाबद्दल काहीपण विचारा, जमेल तेवढं सांगते)

ताई, मी एमए इंग्लिशला आहे, आम्हाला शेक्सपिअरचं 'ट्वेल्थ नाइट' नेमलंय. सेमिनारला मी म्हणलं अँटोनिओचं सेबॅस्टियनवर प्रेम आहे, तर वर्ग फिदीफिदी हसला, आणि सर म्हणाले त्या काळी पुरुषांची मैत्री अशीच असायची, आजचं तिथं चिकटवू नका. माझं चुकलं का? – एक विद्यार्थी, राजारामपुरी

नाही चुकलं. पण सर पण अगदीच चूक नाहीत बरं का, त्या काळी मित्र मित्राला जीव लावायचे, उघड तसं लिहायचे, एका बिछान्यात झोपायचे आणि त्यात कुणाला काय वावगं दिसायचं नाही. 'मी गे आहे' अशी स्वतःची ओळख तेव्हा कुणी सांगत नव्हतं. पुरुषापुरुषातल्या शरीरसंबंधाविरुद्ध कायदा मात्र होता, आठव्या हेन्रीनं 1533 ला आणलेला, थेट मरणाची शिक्षा. म्हणून म्हणते शिक्का कुठला मारायचा ते भांडण जरा बाजूला ठेव आणि अँटोनिओ नाटकात काय काय करतो तेवढंच धरून बस.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जहाज फुटतं, व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी भावंडं वेगळी होतात, ती पुरुषाचे कपडे घालून सिझारिओ नावानं ड्यूक ऑर्सिनोकडे कामाला लागते, आणि सेबॅस्टियनला वाचवतो हा अँटोनिओ, समुद्रावरचा गडी. ऑर्सिनोच्या माणसांशी तो मागं लढलेला असतो, त्यामुळं त्या गावात दिसला की धरणार हे त्याला पक्कं माहीत, तरी पोराच्या मागोमाग जातोच. गावात पोचल्यावर आपली पैशाची अख्खी थैली त्याच्या हातात ठेवतो, का तर बाजारात काही बारीकसारीक आवडलं तर घेता यावं, आणि मी एलिफंटमधे (म्हणजे तिथलं उतरायचं ठिकाण) थांबतो म्हणतो. पुढं व्हायोलालाच सेबॅस्टियन समजून तिच्यासाठी तलवार उपसतो, त्यात पकडला जातो, नाइलाजानं थैली मागतो, तर ती म्हणते मी तुम्हाला ओळखतच नाही! शेवटच्या प्रवेशात ड्यूकसमोर सांगतो की तीन महिने रात्रंदिवस आम्ही मिनिटभर पण वेगळे नव्हतो.

मग जुळी समोरासमोर येतात. अँटोनिओ विचारतो, यातला सेबॅस्टियन कोणता? बस्स, ते त्याचं शेवटचं वाक्य. नाटक अजून बरंच चालतं, जोड्या लागतात, आणि हा माणूस स्टेजवर नुसता उभा. त्याला सोडला का आत टाकला, कुणी सांगतच नाही. सरांना इतकंच विचार की मैत्री म्हणून थैली दिली हे मान्य, पण सगळ्यांची गाठ बांधताना लेखकानं ह्यालाच मोकळा का ठेवला? मैत्री असती तर 'ये की लग्नाला' एवढं म्हणायला काय जात होतं. ह्याचं काहीतरी उत्तर सरांना द्यावं लागेल, तुलापण.

आमच्या ग्रुपनं हेच नाटक मराठीत करायचं ठरवलंय, व्हायोला मुलगा करणार. कोल्हापुरात लोक शिट्ट्या मारतील अशी भीती वाटतीय. – शिवाजी पेठ

अहो कोल्हापुरात बसून ही भीती? केशवराव भोसले, ज्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह आहे, त्यांचं नाव झालं तेच मुळी लहानपणी 'शारदा' नाटकात केलेल्या शारदेच्या भूमिकेनं. आणि बालगंधर्वांची साडी बघून बायका साडी नेसायला शिकल्या. फरक एवढाच की आपल्याकडं मोठे झालेले पुरुष बाई करत राहिले आणि लंडनला ते काम पोरांचं, 1660 पर्यंत तिथल्या धंदेवाईक स्टेजवर बाई नव्हतीच.

पण तिथं सगळ्यांना ते गोड वाटत होतं असं नाही हां. फिलिप स्टब्ज नावाच्या कर्मठ माणसानं 1583 ला नाटकावर आग ओकलीय, पुरुषानं बाईचे कपडे घालायचे नाहीत असं बायबलात आहे आणि हे लोक नाटक बघून घरी जाऊन काय काय करतात म्हणून. म्हणजे पोरगं बाई होतं तेव्हा बघणाऱ्याच्या मनात काय हलतं हे सगळ्यात नीट ह्या विरोधकांनाच कळलं होतं, आपण ते शाळेत 'तेव्हा तशी पद्धत होती' म्हणून गुंडाळून टाकतो. शेक्सपिअरच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सननं तर 1609 च्या 'एपिसीन'मधे नाटकभर जिला बायको म्हणून दाखवलं तिचा टोप शेवटी काढला, खाली मुलगा, आणि प्रेक्षकपण तोवर गंडलेला!

तुमच्या प्रयोगासाठी एकच सांगते, पोराला आवाज बारीक करायला लावू नका. शिट्टी येते ती नट स्वतः लाजला की. ऑर्सिनोचं जिच्यावर मन त्या ऑलिव्हियापुढं व्हायोला म्हणते ना, मालकाच्या जागी मी असतो तर तुमच्या दारात झोपडी बांधून रात्री अपरात्री तुमचं नाव घेत गायलो असतो, तिथं ऑलिव्हिया पाघळते. तो प्रवेश सरळ, जीव लावून करा. आणि शेवटी तिला साडी नेसवून आणायचा मोह होईल, तो टाळा, कारण तिचे कपडे एका कप्तानाकडे, कप्तान ऑलिव्हियाच्या कारभाऱ्याच्या, मॅल्व्होलिओच्या फिर्यादीवरून आत, मॅल्व्होलिओ रागानं निघून गेलेला. ऑर्सिनो लग्न ठरल्यावरसुद्धा तिला सिझारिओच म्हणतोय. इतकी खटपट करून शेक्सपिअरनं तिला पँटीत ठेवलंय तर राहू दे की.

अशा सगळ्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मरतंच का? मार्लोचं 'एडवर्ड दुसरा' वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. मुलींचं, आनंदाचं काही आहे का? घरी माहीत नाही माझं. – कळंबा

एडवर्डचं मरण भयंकरच आहे. पण परत वाचशील तेव्हा सरदार राजाच्या लाडक्या गॅव्हेस्टनवर का चिडतात ते बघ. थोरला मॉर्टिमर स्वतः म्हणतो, मोठमोठ्या राजांचे, शहाण्या माणसांचे असे लाडके होते, अलेक्झांडरचा हेफेस्टिऑन, सॉक्रेटिसचा अल्सिबियाडिस, जाऊ दे. आणि धाकटा मॉर्टिमर म्हणतो मला त्याच्या चाळ्यांचं काही नाही, हा हलक्या कुळातला माणूस राजाच्या मर्जीनं डोक्यावर बसतो हे खपत नाही. कोण कुणावर प्रेम करतं ह्यापेक्षा कुणाच्या घरातला ह्याच्यावरून तलवारी निघतात, आपल्याकडं हे वेगळं समजवायला नको.

मुलींचं म्हणशील तर जॉन लिलीचं 'गॅलाथिआ' वाच, 1592 ला छापलेलं, राणी एलिझाबेथपुढं पोरांच्या कंपनीनं केलेलं. समुद्राचा देव नेपच्यून, त्याला दर पाच वर्षांनी सगळ्यात सुंदर कुमारी बळी द्यायची असते, म्हणून दोन बाप आपापल्या पोरीला मुलाचे कपडे घालून रानात धाडतात, आणि गॅलाथिआ न् फिलिडा एकमेकीला मुलगा समजून प्रेमात पडतात. दोघींना हळूहळू संशय येतो की ही पण माझ्यासारखीच, तरी मागं हटत नाहीत. कळल्यावर प्रेमाची देवी व्हीनस म्हणते मी एकीला पुरुष करते. कुणाला, ते नाटकात शेवटपर्यंत कळत नाही, दोघी म्हणतात चालेल कुणीपण. मरत कुणी नाही.

भाषा जुनी आहे, टिपा असलेली प्रत घे. तेंडुलकरांचं 1981 चं 'मित्राची गोष्ट' पण मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं, ते मात्र आत्ता लगेच नको, फार टोचतं. आणि घरी सांगायचं का, कधी, ते तुझं तू ठरव, मी नाटकवाली, त्यात लुडबूड करणार नाही, फक्त 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं असं प्रेम गुन्हा नाही म्हणून सांगितलंय एवढं लक्षात असू दे.