अ‍ॅनाटॉमीच्या (वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या) पेपरमध्ये रिझल्ट्स जातीनुसार लिहावेत की अवयवानुसार?

तिवर, काजळा, कांदळ आणि चिपी या ४ खारफुटींच्या पानांचे व देठांचे छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) तयार आहेत, पण रिझल्ट्स कुठल्या क्रमाने लिहायचे हे ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय.

काम वर्गीकरणाचं असतं तर मी जातीनुसार वर्णन आणि शेवटी ओळखीची ‘की’ (लक्षणांवरून जात ओळखायचा तक्ता) द्या म्हटलं असतं. पण तुमचा रोख ही झाडं मिठाचं काय करतात याकडे आहे. मग जातीनुसार लिहिलंत तर वाचक चारदा एपिडर्मिसपासून (पानाच्या बाह्यत्वचेपासून) सुरुवात करणार आणि तुलना त्यालाच करावी लागणार. त्यापेक्षा अवयव धरा आणि बाहेरून आत जा: क्युटिकल (वरचा मेणचट थर), एपिडर्मिस, स्टोमाटा (पर्णरंध्रं), केस-ग्रंथी, हायपोडर्मिस (त्वचेखालचा थर), मेसोफिल (पानाचा आतला गर), शिरा. चौघांत सारखं आहे ते एका वाक्यात उरका, मग फरकांवर या. असं काहीसं:

‘तिवर व काजळ्याच्या पानांवर मीठग्रंथी आढळल्या, कांदळ व चिपीत आढळल्या नाहीत. तिवराच्या पानाची खालची बाजू दाट केसांनी झाकलेली होती (आकृती २ अ).’

इथेच थांबायचं. ‘मीठ बाहेर टाकण्यासाठी’ हे शब्द आले की ते वाक्य डिस्कशनमध्ये हलवा. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, हेही तिकडेच. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक आकृतीखाली ‘अनुकूलन’ लिहून घेतात, ती सवय भल्याभल्यांची सुटत नाही. ‘आढळल्या नाहीत’ हे मात्र गाळू नका, तोही रिझल्टच आहे.

चिपी या क्रमात थोडी अडेल, कारण तिच्या पानात पॅलिसेड (उभ्या हिरव्या पेशींचा थर, जो बऱ्याच पानांत फक्त वरच्या बाजूला असतो) दोन्ही बाजूंना असतं. मेसोफिलच्या परिच्छेदात ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

मापं सगळी तक्त्यात, सरासरी ± प्रमाण विचलन, किती झाडं आणि किती पेशी मोजल्या त्यासह. मजकुरात तेच आकडे पुन्हा नकोत.

खरं तर लिहिण्याआधी प्लेट्स (फोटोंची एकत्र मांडलेली पानं) जुळवा. एकाच भागाचे चारही जातींचे फोटो शेजारी-शेजारी, एकाच प्रमाणात, प्रत्येकावर स्केल बार (लांबी दाखवणारी रेघ). खाली नुसतं ‘४०एक्स’ (किती पट मोठं दिसतं ते) लिहून भागत नाही. छापताना फोटो लहान-मोठा झाला की त्याला अर्थ उरत नाही. प्लेट्सचा क्रम लागला की मजकुराचा आपोआप लागतो.

देठाला एखादा परिच्छेद पुरे. आणि गाईड जातीनुसारच हवं म्हणून अडून बसले, तर जातवार वर्णनं पुरवणीत टाका.