एका शनिवारी तीन घोडे

प्रश्न : आम्ही अठरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायरला राहतो. मुलगी १७ वर्षांची, ए-लेव्हलचं (आपल्या अकरावी-बारावीसारखं) पहिलं वर्ष संपत आलंय. विषय बायॉलॉजी, केमिस्ट्री, गणित. शनिवार-रविवारी ती एका इव्हेंटिंग (घोडेस्वारीची तीन टप्प्यांची स्पर्धा) रायडरच्या यार्डवर, म्हणजे तबेल्यावर, कामाला जाते. गेल्या महिन्यात तिनं त्या बाईंना एकाच दिवशी तीन घोड्यांवर स्पर्धा करताना पाहिलं, तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ एवढंच चाललंय. बाईंनी तिला ‘वर्किंग प्युपिल’ म्हणून बोलावलंय. राहणं, जेवण, शिकवणी फुकट, पगार नाही. शाळा सोडते म्हणते. ह्यांचं म्हणणं, घोडे राखायला का आपण इथं आलो? – एक आई

ताई, तुमच्या ह्यांचं वाक्य वाचून हसू आलं. पण रागाच्या भरात ते बरोबर बोलून गेलेत. एका दिवसात तीन घोडे स्पर्धेत उतरवणं हे बरंचसं घोडे राखण्याचंच काम आहे.

हिशेब करून बघा. नोव्हिस या खालच्या पातळीवर ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली) साधारण पाच मिनिटांचं, शो जम्पिंगची (रिंगणातल्या दांड्यांवरून उड्या) फेरी दीड मिनिटाची, क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे ओलांडत दौड) मिनिटाला ५२० मीटरच्या वेगानं पाच-साडेपाच मिनिटांचं. एका घोड्यामागे बारा मिनिटं. तीन घोड्यांची छत्तीस. चौदा तासांच्या दिवसात गुण ठरतात ते एवढ्याच वेळात.

बाकीचा दिवस कुठे जातो ते मी एकदा पाहिलंय. मावसबहिणीच्या मुलीबरोबर मी अशाच एका स्पर्धेला लॉरीपाशी दिवसभर उभी होते. पहाटे अंधारात खरारा झाला, आयाळीच्या वेण्या घातल्या. ओल्या गवतावर पाय घसरू नये म्हणून घोड्याच्या नालेत लोखंडी स्टड पिळून बसवतात. त्यासाठीच्या भोकांत माती गच्च बसलेली. पोरगी गुडघ्यावर घोड्याचा पाय घेऊन खिळ्यानं ती माती कोरत होती आणि शेजारी दुसरा घोडा तिची टोपी चावत होता. रायडर क्रॉस कंट्रीहून आली, घामेजलेला घोडा हिच्या हाती दिला आणि पाण्याचा घोटही न घेता तिसऱ्यावर चढली. निघून गेल्यावर लक्षात आलं, अंगावर नंबर मघाच्याच घोड्याचा! पोरगी बरोबर नंबरचा बिब घेऊन चिखलातून धावत सुटली. दिवसभरात तिनं जेवण म्हणून खाल्लं ते एक केळं.

रायडरचं डोकंही तीन ठिकाणी वाटलेलं असतं. तरुण घोडा एक मीटर उंचीच्या अडथळ्यांच्या वर्गात आणि जुना त्यावरच्या नोव्हिसमध्ये असला, तर एकाच मैदानातले दोन वेगळे मार्ग चालून पाठ करायचे. अडथळे शेजारी शेजारी असतात, आणि दुसऱ्या वर्गाचा अडथळा चुकून ओलांडला की थेट बाद. एकाला आवरून धरायचं, दुसऱ्याला टाच देऊन हाकायचं. क्रॉस कंट्रीत घोडा पहिल्यांदा अडला की २० गुणांचा दंड. पडलात तर त्या घोड्याची स्पर्धा संपली, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुढच्या घोड्यावर बसता येत नाही.

मग लोक तीन-तीन घोडे का घेतात? हौस म्हणून नव्हे. ऑलिम्पिकमध्ये स्वाराला घोडा एकच, पण तिथवर पोचायला हाताशी दोन-तीन लागतात, कारण घोडा कधी लंगडेल सांगता येत नाही. आपला भारतीय इव्हेंटिंग स्वार फवाद मिर्झा याचंच बघा. टोकियोसाठी त्यानं आधी दजारा घोडीचं नाव दिलं आणि अखेर उतरला तो सेन्यूर मेडिकॉटवर, ज्याच्यावर २०१८ च्या एशियाडमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवलं होतं. टोकियोत तो २३ वा आला. १९८८ ला इंग्लंडमधल्या बॅडमिंटन गावच्या इव्हेंटिंग स्पर्धेत ब्रिटिश स्वार इयन स्टार्क पहिलाही आला आणि दुसराही, सर वॉटी आणि ग्लेनबर्नी या दोन घोड्यांवर. तुमच्या लेकीला हे तोंडपाठ असणार. तिला फक्त एवढंच विचारा : तिच्या बाईंच्या तीन घोड्यांपैकी बाईंच्या मालकीचे किती?

कारण पोट तिथून भरतं. अशा शनिवारच्या स्पर्धेतलं बक्षीस बहुतेक वेळा प्रवेश फी आणि डिझेललाही पुरत नाही. एक घोडा मालकानं पैसे देऊन ठेवलेला असतो, दुसरा तयार करून विकायचा असतो, तिसऱ्यावर स्वतःचं नाव व्हायचं असतं. फवादच्या पाठीशीही बंगळूरचा एम्बसी समूह उभा होता. स्वारी येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. मालकाला फोन करून ‘तुमचा घोडा आज अडला, चूक माझी होती’ असं सांगता येणारी आणि तरी तो घोडा आपल्याच यार्डवर राखणारी विरळा. लेकीत तो गुण आहे का, हे मला पत्रातून दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल.

आता बिनपगारी वर्किंग प्युपिलबद्दल. माझं स्पष्ट मत, नको. इंग्लंडमध्ये १८ पूर्ण होईपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावंच लागतं, आणि यार्डवर ठरल्या वेळी ठरलेलं काम करणाऱ्याला शिकवणी देतो म्हणून किमान वेतन टाळता येत नाही. बाई वाईट असतील असं नाही, या धंद्यात ती जुनी खोड आहे. जायचंच तर रीतसर अप्रेंटिसशिप मागा. कामाचे तास, सुट्टी, पडल्यास विमा कोणाचा, हे लेखी घ्या. ब्रिटिश ग्रूम्स असोसिएशन या घोडे राखणाऱ्यांच्या (ग्रूम) संघटनेकडे अशा करारांची चांगली माहिती मिळते.

माझ्या मनातला रस्ता निराळा आहे. केमिस्ट्री आणि बायॉलॉजी हातात असलेल्या मुलीनं ती एक वर्ष आधी टाकून देणं मला पटत नाही. पुढे घोड्यांची डॉक्टर व्हायचं तर हेच विषय लागतात. तेवढं नको असेल तर हार्टपुरी युनिव्हर्सिटी तुमच्याच काउंटीत आहे, तिथं इक्वाइन सायन्सची पदवी आहे आणि इव्हेंटिंगच्या स्पर्धाही भरतात. एक वर्ष यार्डवर काढायचंच असेल तर ए-लेव्हल संपवून काढू द्या. ह्यांना मी समजावीन.

तोवर या उन्हाळ्यात तिला बाईंबरोबर चार स्पर्धांना ग्रूम म्हणून जाऊ द्या, मजुरी ठरवून. सोबत एक वही द्या. किती वाजता उठली, कोणत्या घोड्यामागे किती वेळ गेला, त्याचं बिल कोणी भरलं, घरी किती वाजता पोचली, एवढंच लिहायचं. वही ऑगस्टअखेर मला पाठवा. व्हेटरिनरीसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, तेव्हा त्यापुढे ढकलू नका.