३८१६५४७२९० : हिच्यासारखी दुसरी का नाही?

प्रश्न : चवथीच्या सुट्टीआधी मुलीच्या हायस्कूलमध्ये फळ्यावर ३८१६५४७२९० लिहून 'हिच्यासारखी दुसरी नाही' एवढंच सांगितलं. ० ते ९ अंक एकेकदा आलेल्या संख्या तर लाखोंनी आहेत. मग हिचं वेगळेपण काय?
— एक पालक, डिचोली

उत्तर : डावीकडून एकेक अंक वाढवत जा. ३८ ला २ ने, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत पूर्ण संख्येला १० ने नि:शेष भाग जातो. सगळे अंक एकेकदाच वापरून हे साधणारी ही एकमेव संख्या. ती मुलीला कागद-पेन्सिलीने शोधू द्या, खरी मौज त्यात आहे.

दहावा अंक ०, म्हणून पाचवा ५. सम स्थानांवर सम अंक, विषम स्थानांवर १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च हवा. आठव्यालाही तेच लागू. मुलं इथे अडखळतात : ८ साठी शेवटचे तीन अंक बघायचे असतात, ४७२ ला भाग जातो, ५७२ ला नाही. पण आपल्याकडे सहावा अंक सम आहे, म्हणून शेवटचे दोन पुरतात.

राहिले ४ आणि ८; ते दुसऱ्या व सहाव्या जागी. पहिल्या तिन्हींची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही. तेव्हा मधल्या तिन्हींचीही तशीच हवी. म्हणून मध्ये २५८ किंवा ६५४ च. विषम अंक बसवले की ३६,२८,८०० मांडण्यांतून फक्त १० उरतात. ९ ची चिंता नको, १ ते ९ ची बेरीज ४५ च.

आता ७ ची चाळण. बाकी पुढे नेत ३८१६५४७ भागा : ३८ ची बाकी ३, ३१ ची ३, ३६ ची १, १५ ची १, १४ ची ०, ७ ची ०. उरलेल्या नऊ इथेच गळतात. त्यांत ९८७६५४३२१० सुद्धा आहे! बाकी सगळ्या पायऱ्या ती पार करते, फक्त ९८७६५४३ ला ७ ने भागताना ५ उरतात.

प्रश्न : अंक पुन्हा वापरायची मुभा असेल तर कुठवर जाता येतं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : २५ अंकांपर्यंत : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. एक्सेलमध्ये ही आकडा म्हणून भरू नका, १५ अंकांपुढे शून्यं होतात. मजकूर म्हणून ठेवा आणि वरच्यासारखी बाकी पुढे न्या. दहाच्या पुढे दर पायरीला फार तर एकच अंक चालतो, कधी एकही नाही. इथे शेवटी ० जोडून २६ ने भागलं की बाकी १२ राहते. ती भरून काढायला १४ हवेत, आणि जागा एकाच अंकाची.